शोभेच्या गवतांच्या ताटव्यासाठी सहचर वनस्पतींची निवड

आपल्या उद्यानांत गवताला आजवर मुख्यतः दोनच स्थाने मिळत आली आहेत. एक, वरचेवर कापून सपाट राखलेल्या हिरवळीचे. आणि दुसरे, खुरप्याने काढून टाकावयाच्या तणाचे. या दोहोंहून निराळे असे तिसरे स्थानही गवताला देता येते. त्याला त्याच्या स्वाभाविक उंचीपर्यंत वाढू द्यावे आणि त्याच्या तुऱ्यांसाठी, पात्यांच्या वळणासाठी, किंबहुना वाळल्यानंतरच्या त्याच्या सोनेरी काड्यांसाठीही त्याची लागवड करावी, ही कल्पना आपल्याकडे अद्याप नवी आहे. तथापि शहरांतील रस्त्यांच्या दुभाजकांवर आणि संस्थांच्या आवारांत अशी गवते आता दिसू लागली आहेत. गवत निवडल्यानंतर त्याच्या शेजारी कोणत्या वनस्पती लावाव्यात, हा प्रश्न ओघानेच उपस्थित होतो आणि तो बहुधा फुलांच्या रंगावरून सोडविला जातो. परिणामी पहिल्या वर्षी मनोहर दिसणारा ताटवा दुसऱ्या वा तिसऱ्या वर्षी विसकटतो. गवत तरी इतर वनस्पतींना दडपून टाकते, नाही तर त्यांच्यासाठी घातलेल्या खतपाण्याने स्वतःच लोळते.

सहचर वनस्पतीची निवड प्रथम गवताच्या वार्षिक कालक्रमावरून, नंतर मुळांच्या व उंचीच्या विचाराने आणि सर्वांत शेवटी रंगावरून करावी, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. हा क्रम उलटा झाल्यास केवळ सौंदर्याचीच नव्हे, तर भोवतालच्या माळरानांचीही हानी संभवते. त्याचा विचार शेवटी केला आहे.

या विषयाचा शास्त्रशुद्ध अभ्यास प्रामुख्याने जर्मनीत झाला. पॉट्सडॅमजवळील बोर्निम येथे रोपवाटिका चालविणारे कार्ल फर्स्टर (१८७४–१९७०) यांनी गवतांना बहुवर्षायू फुलझाडांच्या बरोबरीचे स्थान दिले आणि १९५७ साली गवते व नेचे यांच्या उद्यानप्रवेशावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. कॅलामॅग्रॉस्टिस वंशातील एक संकरज गवत आज जगभर त्यांच्याच नावाने ओळखले जाते. म्युनिकजवळील वाइहेनस्टेफान येथील प्रयोगोद्यानात रिचर्ड हान्सेन (१९१२–२००१) यांनी या विचाराला परिस्थितिविज्ञानाची बैठक दिली. वनस्पतीचे वर्गीकरण तिच्या फुलावरून न करता ती निसर्गतः कोठे वाढते यावरून करावे, असा त्यांचा आग्रह होता. वनाची छाया, वनाची कड, मोकळे माळ, खडकाळ जागा, जलाशयाचा काठ, प्रत्यक्ष पाणी आणि मशागत केलेला ताटवा असे सात निवास त्यांनी मानले. फ्रीड्रिख श्टाल यांच्या सहकार्याने लिहिलेला त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९८१ साली प्रकाशित झाला. त्यात प्रत्येक वनस्पतीची सामाजिकता पाच श्रेणींत मांडलेली आहे. पहिल्या श्रेणीतील वनस्पती एकेकटी शोभते, तर पाचव्या श्रेणीतील वनस्पती विस्तीर्ण क्षेत्र व्यापूनच शोभते. पुढे वॉशिंग्टन येथे वोल्फगांग ओमे व जेम्स व्हॅन स्वीडन यांनी आणि नेदरलंड्समध्ये पीट औडॉल्फ यांनी या तत्त्वांचा विस्तार केला. औडॉल्फ यांच्या वनस्पति-योजनेने सजलेली शिकागोमधील लूरी बाग २००४ साली, तर न्यूयॉर्कमधील हायलाइन या उन्नत उद्यानाचा पहिला भाग २००९ साली खुला झाला.

या परंपरेतून निघालेले नियम आपल्याकडे जसेच्या तसे उचलता येतील काय? याचे उत्तर देण्यापूर्वी ते नियम कोणत्या गृहीतावर उभे आहेत हे पाहिले पाहिजे. ऊस हा मूलतः गवतच आहे. उसाच्या पानांत कार्बन डायऑक्साइडपासून प्रथम तयार होणारी संयुगे तीन नव्हे, तर चार कार्बन अणूंची असतात, असे हवाई येथील कोर्टशाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली दाखविले. १९६६ साली ऑस्ट्रेलियात हॅच व स्लॅक यांनी या प्रक्रियेची उकल केली. तेव्हापासून गवतांचे त्रिकार्बनी व चतुष्कार्बनी असे दोन गट मानले जातात. त्रिकार्बनी गवते सुमारे १५ ते २४ अंश सेल्सिअस तापमानात जोमाने वाढतात. थंड प्रदेशात ती वसंताच्या प्रारंभीच हिरवी होतात आणि कडक उन्हाळ्यात मंदावतात. फर्स्टर यांच्या नावाचे गवत याच गटातील आहे. चतुष्कार्बनी गवतांना मात्र सुमारे २७ ते ३५ अंशांची उष्णता मानवते. मिस्कँथस, पॅनिकम व पेनिसेटम ही उद्यानप्रिय गवते त्या गटातील असून युरोपात ती जमीन तापेपर्यंत, म्हणजे मे महिन्यापर्यंत, जवळजवळ निद्रिस्तच असतात.

युरोपीय ताटव्याची सारी रचना या उशिरा येणाऱ्या जागृतीवर आधारलेली आहे. हिवाळ्याच्या अखेरीस वाळलेले गवत कापले की जमीन मोकळी होते. त्या मोकळ्या जागेत ट्यूलिप व ॲलियम यांसारख्या कंदवर्गीय वनस्पती फुलून जातात. त्यांची पाने पिवळी पडून कुरूप दिसू लागतात, नेमकी त्याच वेळी गवताची नवी पाती वर येऊन त्यांना झाकतात. उन्हाळ्यात एकिनेशिया व साल्व्हिया, शरदात ॲस्टर आणि हिवाळ्यात उभ्या काड्या व बोंडे असा क्रम चालतो. ट्यूलिप या ताटव्यात शोभते ती तिच्या रंगामुळे नव्हे, तर गवत झोपलेले असताना ती जागी असते म्हणून. युरोपकडून घ्यावयाचे ते तत्त्व हे होय, ट्यूलिप नव्हे.

आता आपल्या दख्खनच्या पठाराकडे वळू. डबडघाव व शंकरनारायण यांनी १९७३ साली भारतातील तृणाच्छादनाचे पाच प्रकार वर्णिले. त्यांपैकी सेहिमा–डायकँथियम हा प्रकार द्वीपकल्पाच्या पठारी भागात पसरलेला आहे. मारवेल, कुसळी, रोशा इत्यादी येथील प्रमुख गवते चतुष्कार्बनी गटातील आहेत. याचा अर्थ असा की, उष्णतेची त्यांना वाण नाही; त्यांची जागृती व निद्रा ओलाव्यावर अवलंबून असते. पुण्यासारख्या ठिकाणी वर्षाकाठी पडणारा सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस बव्हंशी जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांतच पडतो. त्यामुळे गवताची पाती जून–जुलैत फुटतात, ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात तुरे येतात आणि नोव्हेंबरपासून काड्या वाळू लागतात. वर्षाचे जवळजवळ सात महिने गवत वाळलेल्या अवस्थेत असते.

ही स्थिती उणेपणाची मानण्याचे कारण नाही. युरोपात वाळलेल्या काड्या हिवाळी पाऊस व बर्फ यांच्या माराने मोडून पडतात. आपला हिवाळा कोरडा असल्याने त्याच काड्या नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत सरळ उभ्या राहतात आणि सकाळच्या तिरप्या उन्हात उजळून निघतात. आपल्या ताटव्याचा हा खास ऋतू आहे. मात्र सहचर वनस्पतींची योजना करताना वर्षाचे चार भाग ध्यानात घ्यावे लागतात : पहिल्या पावसापूर्वीची व नंतरची मोकळी जमीन, गवताची जोमदार वाढ, तुऱ्यांचा काळ आणि दीर्घ कोरडा काळ. या चारही भागांत गवताशी न झगडता फुलणारी वनस्पती शोधणे, ही निवडीची पहिली कसोटी होय.

दुसरी कसोटी मुळांची. नेब्रास्का विद्यापीठातील जॉन वीव्हर (१८८४–१९६६) यांनी प्रेअरीमध्ये खोल चर खणून शेकडो वनस्पतींची मुळे उघडी केली व त्यांची प्रमाणबद्ध चित्रे काढली. एकाच जागी वाढणाऱ्या वनस्पती जमिनीचे वेगवेगळे थर वापरतात, हे त्या चित्रांवरून स्पष्ट झाले. काहींची मुळे वरच्या दोन फुटांतच पसरतात, तर इतर अनेकांची पाच फुटांच्याही खाली जातात. गवताची तंतुमय मुळे वरच्या थरात दाट जाळे विणतात. त्याच थरावर अवलंबून असणारी बहुवर्षायू वनस्पती शेजारी लावल्यास तिची उपासमार अटळ असते. उलट सोटमुळाची वनस्पती, अथवा कंदात अन्न व पाणी साठविणारी वनस्पती, त्याच जागी सुखाने नांदते. गवतांतही याबाबत फरक आहेत. वाळ्याची मुळे बाजूला फारशी न पसरता सरळ खाली, कित्येकदा तीन मीटरांपर्यंत उतरतात. म्हणून वाळा हा उत्तम शेजारी होय. याउलट कास व हरळी ही गवते मूलस्तंभांनी आडवी धावतात. सुंदर तुरे असूनही कास मर्यादित ताटव्यात लावणे म्हणजे इतर सर्व वनस्पतींना निरोप देणे होय.

तिसरी कसोटी उंचीची व प्रकाशाची. चतुष्कार्बनी गवतांना सामान्यतः सावली सोसत नाही. त्यामुळे रुंद पानांची व दाट झुडपे गवताच्या दक्षिणेस लावू नयेत. दुसऱ्या बाजूने पाहता, सप्टेंबरात दीड-दोन मीटर उंच झालेल्या वाळ्याखाली बुटक्या वनस्पतीला प्रकाश मिळत नाही. अशा वनस्पतीने आपला जीवनक्रम त्यापूर्वीच आटोपला पाहिजे किंवा वाळ्याच्या काड्यांचाच आधार घेऊन वर चढले पाहिजे. गवताच्या दोन ठोंबांत त्यांच्या पूर्ण वाढीच्या उंचीइतके अंतर ठेवावे, असा एक ठोकताळा प्रचलित आहे. पहिल्या वर्षी हे अंतर फार वाटते व ते भरून काढण्याचा मोह होतो. तो वर्षायू वनस्पतींनी भागवावा, बहुवर्षायूंनी नव्हे.

या तीन कसोट्या लावून पुण्याच्या परिसरातील, पूर्ण उन्हाच्या व पाण्याचा निचरा होणाऱ्या जागेतील एका ताटव्याची योजना उदाहरणादाखल मांडता येईल. मागील बाजूस वाळा, मध्ये रोशा व पुढे मारवेल ही तीन गवते घ्यावीत. कुसळीचा तांबूस तुरा आकर्षक असला तरी तिचे पीळदार प्रशूक ओलाव्याने उलगडतात व बी जमिनीत रुजवितात. तशीच ती कुसळे कपड्यांत व जनावरांच्या कातडीतही रुततात. यास्तव पायवाटेलगत तिची योजना करू नये.

एप्रिलच्या अखेरीस सर्व गवते जमिनीपासून वीतभर उंचीवर कापावीत. त्यानंतर उघडी पडलेली जमीन हीच आपली युरोपीय वसंताशी तुल्य अशी संधी होय. पहिल्या सरींबरोबर फुलणारी पावसाळी लिली मूळची अमेरिकेतील. ती ताटव्याच्या कडेने लावावी. तिच्या मागे सह्याद्रीतील रानहळद लावावी. तिचे कणिश गुलाबी-जांभळ्या सहपत्रांमुळे पावसाळ्यात शोभिवंत दिसते, आणि पावसानंतर तिची पाने सुकून कंद जमिनीत विसावतो. या दोन्ही वनस्पतींचा जमिनीखाली साठा असल्याने गवताच्या मुळांशी त्यांची स्पर्धा मर्यादित राहते.

जुलै–ऑगस्टच्या वाढीच्या काळासाठी कळलावीसारखी दुसरी सहचरी मिळणे कठीण आहे. तिच्या पानांची टोकेच तणाव्यांचे काम करतात. त्यांच्या साहाय्याने ती वाळ्याच्या पात्यांवर चढते आणि ज्वालेसारखी फुले गवताच्या वर आणून उघडते. पावसाळा संपताच तिचे खोड सुकते व कंद उरतो. मात्र तिच्या सर्व भागांत कोल्चिसीन हे विषारी द्रव्य असल्यामुळे मुलांचा वावर असलेल्या जागी तिला स्थान देऊ नये. याच काळात रिकाम्या जागा तेरड्याने भराव्यात. तेरड्याचा रंग तीन दिवस, अशी म्हण आपल्या भाषेत त्याची निंदा करते; परंतु ताटव्याच्या दृष्टीने हेच त्याचे मोल आहे. मुळे उथळ, वाढ झपाट्याची, आयुष्य थोडे. गवत दाट होण्यापूर्वी तो आपले काम आटोपून, फळे फुटून पुढील वर्षाचे बी टाकून निघून जातो.

तुऱ्यांच्या काळात, सप्टेंबर ते नोव्हेंबर या महिन्यांत, कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे गवताच्या तुऱ्यांशी आकाराने जुळतात. परंतु कुर्डूचे बी विपुल असते. त्यामुळे निम्म्याहून अधिक तुरे बी पिकण्यापूर्वी कापावेत. घाटमाथ्याकडील अधिक पावसाच्या जागी त्याऐवजी सोनकी घेता येईल. परदेशी वनस्पतींतून निवड करावयाची झाल्यास गेलार्डियाला पहिला मान द्यावा. कारण तिचे कित्येक वन्य बांधव उत्तर अमेरिकेतील गवताळ प्रदेशांतच वाढतात आणि हलकी जमीन व पाण्याची टंचाई त्या सहन करतात.

कोरड्या काळात गवताचा रंग पिवळा–बदामी होतो. येथे झुडपांचे साहाय्य घ्यावे. झुडपांची मुळे गवताच्या मुळांखालील थरातून पाणी घेऊ शकतात. हाइनरिख वॉल्टर यांनी १९३९ साली सव्हानातील वृक्ष व गवत यांच्या सहजीवनाचे जे स्पष्टीकरण दिले, त्याचे मर्म हेच होते. पिवळ्या फुलांची काटेकोरांटी हिवाळ्यात फुलते. तिच्यानंतर, फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, डोंगरउतारावरील धायटी लाल फुलांनी भरते. वाळलेल्या काड्यांच्या पार्श्वभूमीवर ही लाली जितकी खुलते तितकी हिरव्या पार्श्वभूमीवर खुलत नाही. रंगाचा विचार येथे कालक्रमाच्या मागोमाग आपोआपच साधला जातो, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

खतासंबंधी एक सूचना आवश्यक आहे. ताटव्यात शेणखत व नत्रयुक्त खते सढळ हाताने घालण्याची आपली सवय गुलाबाच्या वाफ्यातून आलेली आहे. नत्र अधिक झाल्यास गवताच्या काड्या उंच व कमकुवत होतात आणि ऑगस्टच्या वादळी सरीत, अतिखत दिलेल्या पिकाप्रमाणे, गवत लोळते. जमीन हलकी असणे येथे गुणच आहे. काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तीत कंद कुजू नयेत म्हणून मुरूम मिसळून वाफा उंच करावा.

गवताचा जोर आवरण्याचा एक नैसर्गिक उपायही अभ्यासकांना ठाऊक असावा. टारफुला ज्वारीच्या मुळांवर जगतो, हे शेतकऱ्यांना सुपरिचित आहे. त्याच कुलातील दुधाळी, म्हणजे सोप्युबिया डेल्फिनिफोलिया, ही अर्धपरोपजीवी वनस्पती पावसाळ्याच्या अखेरीस गवताळ जागी गुलाबी फुलांनी बहरते. इंग्लंडमध्ये फुलांची कुरणे तयार करताना ऱ्हायनँथस ही अर्धपरोपजीवी वनस्पती हेतुपूर्वक पेरतात, कारण तिच्यामुळे गवताचा जोम घटून इतर वनस्पतींना वाव मिळतो. दुधाळीचा असा उपयोग होईल किंवा कसे, हा आपल्या विभागांतून प्रयोगाने तपासण्यासारखा प्रश्न आहे.

आता प्रारंभी उल्लेखिलेल्या हानीविषयी. शोभेच्या गवतांत सर्वत्र लोकप्रिय झालेले पेनिसेटम सेटेशियम हे मूळचे उत्तर आफ्रिका व अरबस्तानातील. फलनाशिवाय बीजनिर्मिती करण्याची क्षमता त्यास असल्याने एकच रोप नव्या वसाहतीस पुरेसे ठरते. हवाई बेटांत ते उद्यानांतून निसटून रानोमाळ पसरले आणि त्याच्या वाळलेल्या थरामुळे तेथील वणव्यांचे प्रमाण वाढले. वणव्यानंतर तेच प्रथम उगवते. म्हणून हे चक्र थांबत नाही. युरोपीय संघाने २०१७ साली त्याचा समावेश आक्रमक परकीय जातींच्या यादीत केला. दख्खनचे कोरडे माळ या गवताच्या मूळ निवासाशी बरेच मिळतेजुळते आहेत. १९५० नंतरच्या दशकात पुण्यात प्रथम नजरेस आलेले गाजरगवत पुढे देशभर कसे पसरले, याचा अनुभव आपल्या गाठीशी आहे. गाजरगवत हे वास्तविक गवत नव्हे व ते कोणी शोभेसाठी आणलेही नव्हते. मग जे गवत आपण स्वखुशीने, पैसे मोजून दुभाजकावर लावतो, त्याच्याविषयी किती अधिक दक्षता हवी, हे सांगावयास नको.

या उलट दिशेचाही एक धोका आहे. देशी सहचर वनस्पतींची आवड वाढली की त्या पठारांवरून उपटून आणण्याचा मोह होतो. कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत समाविष्ट आहे. जांभ्याच्या पातळ मातीवरील तेथील वनस्पतिसमूह एका ऋतूच्या उचलाउचलीनेही दुखावतो. शिवाय तेथून आणलेली रोपे बागेतील खोल मातीत बहुधा टिकतही नाहीत. बी अथवा कंद परवानगीने मिळविलेला किंवा रोपवाटिकेत वाढविलेला असावा, हा नियम विद्यापीठीय उद्यानांनी तरी कटाक्षाने पाळावा.

एकंदरीत पाहता, गवताच्या ताटव्याचा प्रश्न केवळ उद्यानकलेचा नाही. आपल्या माळरानांना शासकीय भूमिवर्गीकरणात आणि सामान्य बोलण्यातही पडीक म्हणण्याची प्रथा पडली आहे. पडीक ठरलेल्या जमिनीवर काहीही लावले तरी चालते, अशी समजूत त्यातूनच रूढ होते. वस्तुतः कंद, वर्षायू, वेल, परोपजीवी व झुडपे यांनी गवताभोवती वर्षाचा प्रत्येक महिना कसा वाटून घेतला आहे, हे त्या माळावरच पहावयास मिळते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपल्या महाविद्यालयाजवळील एखाद्या माळाचा चौरस आखून त्यातील प्रत्येक जातीचे अंकुरण, फुलोरा व सुप्तावस्था यांची पंधरवड्यागणिक नोंद एक वर्षभर ठेवली, तर त्या ठिकाणासाठी सहचर वनस्पतींची विश्वसनीय यादी तयार होईल. अशी यादी कोणत्याही रोपवाटिकेच्या सूचिपत्रात मिळणार नाही. ती तयार होत असताना त्या माळाचे वनस्पतिवैभवही प्रथमच लेखी स्वरूपात नोंदले जाईल, हा लाभ ताटव्याच्या शोभेहून कमी मोलाचा नाही.